एकतीस मायक्रॉन

४ मार्च

दादा,

आज सकाळी बाबांच्या मृत्यूचा दाखला आणायला गेले. नावात एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करून घेण्यात दोन तास गेले. दुपारी कारखान्यात, बाबांच्या प्रयोगशाळेत चार नमुने तपासले. संध्याकाळी घरी आले तर दाराच्या फटीत तुझं पत्र.

अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. चार ओळी आहेत. पहिलीत बाबांचं कळल्याचं लिहिलंयस, उरलेल्या तीन कामाच्या. मी तक्रार करत नाही. आपल्या घरात लांब पत्रं लिहायची सवय कोणालाच नाही.

मला नीट समजलंय की नाही ते बघ. तुझ्या कारखान्यात तुला तपासणीप्रमुख करायचं ठरलं. त्यासाठी जुने कागद मागवले, त्यात इथल्या चौकशीचा अहवाल निघाला. तू चाचणीचा तुकडा बदललास असं त्यात लिहिलंय. महिनाअखेरपर्यंत तू पुराव्यासह खुलासा दिला नाहीस, तर बढती राहिली बाजूला, असलेली नोकरीही जाईल. म्हणून तू विचारतोस, बॅच ४०७१९ चा तुकडा अजून आहे का.

नियमाप्रमाणे असायला हवा. नमुने पूर्ण दहा वर्षं ठेवतात आणि पुढच्या मार्चमध्ये भंगारात देतात. त्या वर्षाची खोकी या २८ तारखेला जायची आहेत. मी बघते. पण तो मिळाला तरी सांगणार काय? त्याचा अहवाल तुला पाठ असेल. पांढरा थर नऊ मायक्रॉन, मर्यादा बारा, माल पाठवण्यास हरकत नाही. आणि शाफ्ट तुटल्यावर त्याच बॅचच्या शाफ्टवर थर निघाला एकतीस. एका भट्टीतून एका वेळी निघालेल्या दोन वस्तूंत एवढा फरक पडत नाही. म्हणून तुकडा दुसऱ्या बॅचचा, आणि भट्टी तुझ्या हाताखाली, म्हणून तो बदलणारा तू. सगळं त्या फरकावर उभं आहे.

मला त्या दिवसाचं फारसं आठवत नाही. फाटकापाशी लॉरी उभी होती, एवढं आठवतं.

बाबांचं तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. शेवटचे नऊ दिवस दवाखान्यात होते. फुप्फुसं दमली होती. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझंही घेतलं नाही. नर्सला मात्र रोज विचारायचे की तुमचं थर्मामीटर शेवटचं कधी तपासून घेतलं होतं. तिसऱ्या दिवसापासून ती बाजूच्या खाटेवरूनच परत फिरायला लागली.

वहिनींना नमस्कार.

बारकी


१० मार्च

दादा,

काल रविवारी बाबांचं कपाट आवरलं. कपडे, तीन चष्मे, त्यांची ती मोजपट्टी. खालच्या खणात, स्वेटरच्या घडीत, घशाच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी होती. झाकणाच्या कडेने चिकटपट्टी गुंडाळलेली. आत निळे दाणे आणि दाण्यांवर एक चकती.

वहिनी वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिते, तू पुढे जा. आपल्याकडे पोलादी शाफ्ट भट्टीत ठेवून त्यावर अमोनियाचा वायू सोडतात. दोन दिवस. त्यातला नायट्रोजन पोलादात मुरतो आणि वरचा भाग फार कठीण होतो. शाफ्ट तर कापून बघता येत नाही, म्हणून त्याच्यासोबत त्याच पोलादाचा लहान तुकडा भट्टीत ठेवतात. तो कापायचा, काळ्या बेकेलाइटच्या चकतीत बसवायचा, आरशासारखा घासायचा, सौम्य आम्लाचा हात फिरवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. आम्लाने पोलाद काळवंडतं. सगळ्यात वरचा पातळ थर तेवढा पांढरा राहतो, कारण आम्ल त्याला लागत नाही. त्याच्याखाली गडद पट्टा असतो, तो आत जाता जाता फिका होतो. गडद पट्टा हवाच असतो. पांढरा थर काचेसारखा ठिसूळ, म्हणून तो पातळ लागतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बाराच्या वर गेला की तो पापुद्र्यासारखा उडतो, आणि मग शाफ्ट फिरता फिरता अडकतो आणि तुटतो. आमचा तुटला तेव्हा वरचं ओझं खाली आलं आणि एका फिटरचा पाय गेला.

आता डबीचं. निळे दाणे ओल शोषून घेतात आणि गुलाबी होतात. गुलाबी झाले की तव्यावर गरम करून पुन्हा निळे करावे लागतात. इथल्या हवेत फार तर वर्षभर टिकतात. हे दाणे निळेभोर होते. म्हणजे बाबा गेल्या वर्षीपर्यंत डबी उघडून, दाणे भाजून, पुन्हा चिकटपट्टी लावत होते. स्वयंपाकघरात कधी, ते मला माहीत नाही. मी कामावर असताना असणार.

चकतीच्या मागे त्यांच्या अक्षरात ४०७१९. खाली तारीख. ती तारीख चौकशीच्या दोन दिवस आधीची आहे.

आज जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर मी चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. वर थोडी झाकळ आली होती. कापडावर दोनदा फिरवली, आम्ल लावलं, अल्कोहोलने धुतली. डोळा लावण्याआधी मी खुर्चीवर बसून शंभरपर्यंत आकडे मोजले.

बाबांची पद्धत तुला आठवते. दोन तुकडे घ्यायचे, पृष्ठभाग समोरासमोर आणायचे, मध्ये तांब्याची पातळ पट्टी घालायची आणि आवळून मगच चकतीत बसवायचे. म्हणजे घासताना एकाची कड दुसरा सांभाळतो. कड सुटी राहिली तर ती गोल होते, ठिसूळ थर झडतो, आणि जो उरतो तोच खरा थर समजून माणूस फसतो.

या चकतीत दोन तुकडे आहेत. डावीकडचा सपाट, चाचणीचा. उजवीकडचा किंचित गोलाई असलेला, म्हणजे शाफ्टचा. तुटलेल्या शाफ्टचा. मधल्या तांब्याच्या दोन्ही बाजूंना दोन पांढऱ्या रेघा आहेत. सारख्या जाडीच्या. दोन्हींच्या वरच्या भागात तीच बारीक काळी छिद्रं.

मी दोन्हीकडे मोजलं. एकतीस आणि एकतीस.

तू काही बदललं नव्हतंस. आणि चौकशीला जाण्याच्या दोन दिवस आधी बाबांना ते माहीत होतं.

बाबांबद्दल लगेच काही ठरवू नकोस. माणूस जाऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही.

बारकी


१४ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. तू लिहितोस, "त्यांना माहीत होतं, तर त्यांनी मला चोर का ठरू दिलं? कोणाला वाचवायला? तुला जे माहीत आहे ते लिही. सगळं."

मला जे माहीत होतं ते मी लिहिलं.

चौकशीच्या नोंदींची नक्कल मी काढली. बाबांचं तुझ्याबद्दलचं वाक्य एकच आहे, ते जसंच्या तसं देते: "तुकडा नीट तपासला गेला असेल, तर तो या बॅचचा नाही." त्यांनी "असेल तर" म्हटलं. समोर चार माणसं बसली होती. एकानेही विचारलं नाही की नीट तपासला गेला होता का. नोंदीत पुढच्या ओळीत थेट तुझं नाव येतं.

आता कामाचं. नुसती ही चकती पाठवून भागणार नाही. घरातल्या डबीतून निघालेली वस्तू आहे. कोणीही म्हणेल, हा तुकडा चाचणीचाच हे कशावरून? शाफ्टचेच दोन तुकडे बसवले असतील. तुकड्यावर तू पंचाने, त्या पोलादी ठशाने, ठोकलेला नंबर आहे, पण तो बाजूच्या अंगावर, बेकेलाइटच्या आत. बघायचा तर चकती फोडावी लागेल. फोडताना थर उडाला तर हातात काहीच उरणार नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. तुकडा कापताना करवत नंबर सोडून चालवायची असते. त्या दिवशी ती नंबरावरूनच गेली होती. अर्धा नंबर प्रयोगशाळेच्या चकतीत असणार, अर्धा या चकतीत. दोन्ही फोडून शेजारी ठेवले तर कोणाला काही बोलता येणार नाही. त्यासाठी खोक्यातली चकती २८ च्या आत काढायला हवी, आणि साक्षीला साहेब हवेत.

साहेब म्हणजे आपले दोन दशांश. हो, बाबांच्या जागी आता प्रयोगशाळेचे प्रमुख तेच आहेत. अजूनही चहा किती गरम ते दोन दशांशापर्यंत सांगतील असं वाटतं. त्यांना कसं सांगायचं याचा विचार करते आहे.

बारकी


१७ मार्च

दादा,

गेले तीन दिवस साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत येते आहे. त्यांना सांगायचं तर सगळं सांगावं लागेल. आणि त्यांच्या आधी ते तुला सांगायला हवं.

करवत नंबरावरून कोणी चालवली ते मी १४ तारखेला लिहिलं नाही. मी चालवली. तो तुकडा मी कापला, मी बसवला, मी घासला, मी मोजला. मला प्रयोगशाळेत लागून पाच महिने झाले होते. बाबांची मुलगी म्हणून लागली, असं मागे बोलणारे होतेच. त्या दिवशी घाई होती. घाई कोणी केली याला महत्त्व नाही. मी तुकडा एकटाच बसवला. ना समोर दुसरा तुकडा, ना मध्ये पट्टी.

सूक्ष्मदर्शकात कड धूसर दिसत होती. बाबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की पोलादाची कड आणि बेकेलाइट दोन्ही एकाच वेळी स्वच्छ दिसले पाहिजेत. कड धूसर असेल तर ती गोल झाली, मोजू नकोस, पुन्हा कर. मला ते माहीत होतं. जिथे स्वच्छ दिसत होतं तिथे मी मोजलं. नऊ आला. नऊ मर्यादेत होता. मी सही केली. बाबांनी माझ्या सहीखाली सही केली, चकती न बघता. त्यांनी आयुष्यात न बघता केलेली ती एकच सही असेल.

शाफ्ट तुटला, त्याच्या चौथ्या दिवशी बाबा आणि मी प्रयोगशाळेत दोघेच होतो. त्यांनी माझी चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती. मान वर न करता मला विचारलं,

"पट्टी लावली होतीस ना?"

मी म्हणाले, "हो."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा विचारलं नाही. पट्टी लावली असती तर चकतीत तांब्याची रेघ दिसली असती, दादा. ती नव्हती, आणि तेच ते बघत होते. तरी मी हो म्हणाले आणि तरी ते "बरं" म्हणाले.

भट्टीत थर जाड झाला ही गोष्ट खरीच आहे. तुझा वायूचा मीटर बिघडला होता हे नंतर कळलं. पण बाबा काय म्हणायचे? भट्टी चुकतेच, ती चुकते म्हणून तर आपली खोली आहे. भट्टीची चूक पकडायचं काम माझं होतं. तुझ्यावर मीटर बिघडल्याचा ठपका आला असता तर एक ताकीद मिळाली असती. तुझ्यावर लबाडीचं खापर फुटलं.

त्या दिवशी मी नाही म्हणाले असते तर माझी नोकरी गेली असती आणि तुझं नाव राहिलं असतं. बाबांनी दोघांतला एक निवडला, असं तू म्हणशील. मला तसं वाटत नाही. निवड मी केली. ते माझ्या मागे उभे राहिले, एवढंच. मग त्यांनी ती दुसरी चकती केली आणि अकरा वर्षं दाणे भाजत बसले. घरात आम्ही एकमेकांशी भाजी काय करायची याहून जास्त बोलायचो नाही. मला वाटायचं त्यांचा स्वभाव. त्यांना काय वाटायचं ते आता विचारता येणार नाही.

तू जाताना मी फाटकापर्यंत आले होते. तू म्हणालास, बारके, निदान तुझा तरी विश्वास आहे ना? मी मान डोलावली. त्या दिवशी जगात तुझ्यावर पूर्ण विश्वास असलेली मी एकटीच होते, कारण मला खरं माहीत होतं.

हे पत्र मी उद्या सकाळी कामावर जाताना टाकणार आहे. आज ठेवलं तर फाडेन, म्हणून आत्ताच पाकिटात घालून डिंक लावते.

बारकी


२१ मार्च

दादा,

१८ ला पत्र टाकलं. १९ ला साहेब बाहेर होते. काल सकाळी आधी खोक्यातली चकती हाताशी घ्यावी म्हणून तळघरात गेले, तर त्या वर्षाचा कप्पा रिकामा. स्टोअरकीपर म्हणाला, "तारीख २८ आहे ताई, पण मला सोमवारपासून रजा हवी होती, म्हणून परवाच खाली उतरवून ठेवलं." कुठे विचारलं, तर भंगाराच्या पिंपात. गाडी कधी, तर आज दुपारी.

मागच्या आवारात दोन पिंपं होती. दोन्हींत काळ्या चकत्या, काठोकाठ, हजारेक तरी. मी साडीचा पदर खोचला आणि एकेक काढून मागचा नंबर वाचायला सुरुवात केली. स्टोअरकीपर थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, काय हरवलंय ते सांगा, मीही बघतो. मी नंबर सांगितला. तो दुसऱ्या पिंपाला लागला. त्याला वाटलं माझी अंगठी पडली आहे आणि मी लाजेने नंबर सांगते आहे. त्याने दोनदा विचारलं, सोन्याची होती का. भंगाराची गाडी फाटकातून आत आली तेव्हा पहिलं पिंप अर्धं झालं होतं. गाडीवाल्याला मी थांब म्हणाले. माझा आवाज एवढा चढलेला त्याने कधी ऐकला नसेल, मीही नाही. तो निमूटपणे बोनेटवर जाऊन बसला.

नंबर स्टोअरकीपरला सापडला. माझ्याच अक्षरात कोरलेला. तो म्हणाला, हीच का? आणि फार निराश झाला.

तशीच, काळ्या हातांनी, साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. दोन्ही चकत्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

"हे तू मला आज का सांगतेस?"

"बाबा होते तोवर धीर झाला नाही."

"आपल्या दारावर कोणाचं नाव आहे माहीत आहे ना? त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी ती पाटी मी लावली आहे."

"रोज सकाळी मी पुसते ती."

मग ते मला समजावू लागले. भंगाराची गाडी अजून दारात उभी आहे, चकत्या तिच्यात जाऊ देत. अकरा वर्षं झाली. गेलेल्या माणसाचं नाव खराब होईल, तुझी सही करण्याची परवानगी जाईल, आणि मिळणार काय? त्यांचं चूक नव्हतं, ते काळजीनेच बोलत होते. मी म्हणाले, "दादाची नोकरी ३१ तारखेपर्यंत आहे." ते उठले, दोन्ही चकत्या घेतल्या आणि सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसले. मला लांब उभं राहायला सांगितलं.

प्रत्येक बाजूला दहा ठिकाणी त्यांनी स्वतः मोजलं. फोटो काढले. मी कागदावर एकतीस लिहिलं तर म्हणाले, एकतीस नको, ३१.२० आणि ३१.०५ लिही. मग माझी जुनी चकती ठेवली. तिच्याकडे फार वेळ बघितलं. एका टोकाला नऊ, मध्ये चार, दुसऱ्या टोकाला थर संपूर्ण झडलेला आणि कड विझलेल्या दिव्यासारखी धूसर.

"हे तर कोणीही सांगेल," ते म्हणाले.

मी विचारलं, मग तेव्हा कोणी का नाही सांगितलं?

"तुझ्या बाबांची सही असलेली चकती पुन्हा बघायची कोणाची टाप होती?"

चकत्या फोडायला आम्ही वर्कशॉपच्या शेगड्यापाशी, त्या लोखंडी पकडीपाशी, गेलो. मी हातोडी उचलली तर त्यांनी ती काढून घेतली. "तुझा हात नको लागायला. उद्या म्हणतील, बहिणीनेच काहीतरी केलं." शेगडा हळूहळू आवळला. पहिली चकती चर्रकन फुटली, तुकडा सुटा झाला. डबीतली मात्र फुटेना. साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी आणखी पाव फेरा दिला आणि बेकेलाइट मधोमध उभं चिरलं. तांब्याची पट्टी अलगद बाहेर पडली. मी ती उचलून रुमालात गुंडाळली. दोन्ही तुकडे सुटले. थराला धक्का लागला नव्हता.

तुकडे शेजारी ठेवले. एकावर ४ आणि ०. दुसऱ्यावर १ आणि ९. मधला सात करवतीने खाल्लाय, त्याचा फक्त पाय उरलाय. आणि तुझा चार, वरचा कोपरा तुटलेला. तीन वर्षं म्हणत होतास, नवीन पंच मागवायचाय. बरं झालं नाही मागवलास.

साहेब आकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "त्याने खिशातून कोणाला एक टाचणी नेऊ दिली नाही कधी. आणि आम्ही सगळे गप्प बसलो." ते तुझ्याबद्दल बोलत होते.

अहवाल आज पूर्ण झाला. पहिल्या तपासणीच्या नावापुढे माझं नाव, दोष या रकान्यात "नमुना कड-संरक्षणाशिवाय बसवला, कड गोल झाली असताना मोजमाप घेतलं." त्याच्याखाली, दुसऱ्या तपासणीत दोष माहीत असूनही कळवला नाही, या ओळीपुढे बाबांचं नाव. ते मीच लिहिलं. साहेबांनी ती ओळ माझ्यावर सोडली होती. फोटो, दोन्ही तुकडे, नोंदींची नक्कल, सगळं मोहोरबंद करून आज दुपारी थेट तुझ्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवलं आहे. चार दिवसांत पोचेल.

माझं सहीचं काम आजपासून बंद. पुढचं वरचे ठरवतील.

१७ च्या पत्राचं उत्तर आलेलं नाही. नाही आलं तरी मी समजेन.

बारकी


२९ मार्च

दादा,

तुझं पत्र आज आलं. तुझ्या कार्यालयाने अहवाल स्वीकारला, तुझ्या नावावरचा ठपका काढला, हे वाचून मी ते वाक्य परत परत वाचलं. इथूनही दुरुस्तीचं पत्र निघालं आहे. त्याची नक्कल सोबत जोडली आहे. त्यात तुझ्या नावासमोर "निर्दोष" असा शब्द आहे. मीटरबद्दल एक ओळ आहे, ती असायला हवी.

मला प्रयोगशाळेतून काढलं. नोकरीवरून नाही, साहेबांनी शब्द टाकला. सोमवारपासून तळघरात, स्टोअरकीपरच्या हाताखाली. तो खूश आहे. त्याला अजून वाटतं की अंगठी मिळायची राहिली आहे.

काल त्या फिटरकडे जाऊन आले. तो आता हत्यारांच्या खिडकीवर बसतो. उभ्या उभ्या सांगितलं, कारण समोर रांग होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, अकरा वर्षं मी तुमच्या भावाला शिव्या दिल्या, आता त्या परत कशा घेऊ? मी म्हणाले, मला द्या. त्याने माझ्या मागच्या रांगेकडे बघितलं. "बाजूला व्हा," म्हणाला, "मागे लोक खोळंबलेत."

तू दोन पानं लिहिलीस. त्यात एक वाक्यसुद्धा रागाचं नाही, ते मला जड गेलं. बाबांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. त्याचा अर्थ मी लावत नाही. मुलांना घेऊन सुट्टीत ये म्हणतोस. बघू.

शेवटी तू एकच प्रश्न विचारलास. "त्या दिवशी खिडकीतून मी तुला हाक मारली होती का?"

नाही म्हणणं सोपं आहे. तुला अर्धवट आठवतंय, मी नाही म्हणाले तर तू सोडून देशील. म्हणूनच १७ च्या पत्रात मी ते गाळलं होतं.

हो. मारली होतीस. दोनदा. "बारके, लॉरीवाला माझा जीव खातोय, उरक." दुसऱ्यांदा आलास तेव्हा काचेवर किल्लीने टकटक केलंस.

मागे एकदा हो म्हणाले होते ते खोटं होतं. हे खरं आहे. पण पट्टी लावायला चार मिनिटं लागतात, दादा. लॉरी चार मिनिटं थांबली असती. ती मिनिटं माझ्या हातात होती, तुझ्या नाही. हेही तितकंच खरं आहे, आणि मी दोन्ही एकाच पत्रात लिहिते आहे, म्हणजे तू एक ठेवून दुसरं टाकणार नाहीस.

तांब्याची पट्टी पाकिटात घातली आहे. पातळ आहे, जपून उघड.

डबी रिकामीच पडून होती. झाकण उघडं राहिल्यामुळे दाणे गुलाबी झाले होते. तव्यावर घ्यावेत असं क्षणभर मनात आलं, पण आता आत ठेवायचं काही नाही. दाणे टाकून दिले. चिकटपट्टीचा डिंक नखाने खरवडून काढला, डबी साबणाने धुतली, आणि झाकण वेगळं, डबी वेगळी, ओट्यावर पालथी घातली आहे.

बारकी